लाकडी लुअर: लाकूड कोणतं घ्यायचं आणि पाणी कसं अडवायचं

लाकडी लुअर, म्हणजे दोरीच्या टोकाला बांधून पाण्यातून ओढायचा, गळ लावलेला लाकडाचा खोटा मासा. तो करायला बसलेला माणूस आधी रंगाचा विचार करतो. पाठ हिरवी की काळी, खवले जाळीतून फवारायचे की ब्रशने काढायचे, डोळे कुठून मागवायचे. रंग हे शेवटच्या दिवसाचं काम आहे. आधी वजन, मग ओल, मग भोकं. ही तीन जमली तर नुसता पांढरा प्रायमर मारलेला लुअरसुद्धा मासा घेतो. नाही जमली तर कितीही देखणा मासा दुपारपर्यंत पाणी पिऊन जड होतो आणि एका कुशीवर पोहायला लागतो.

मी कोल्हापूरचा पॅटर्नमेकर. लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो साचा उमटवतात, त्याचा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. उद्यमनगरात हयात त्यातच गेली. पॅटर्न ओलसर वाळूत दाबून काढतात. लाकूड जरा फुगलं की माप गेलं आणि ओतीव माल भंगारात. त्यामुळे लाकडात ओल कुठून शिरते हे बघणं हाच आमचा धंदा. आता अॅल्युमिनियमचे आणि सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, कोरलेले पॅटर्न आलेत, माझे हात रिकामे झालेत, म्हणून लुअर. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा, वैभववाडी, तळेरे करत खारेपाटणला पोचायचं, की पुढे वाघोटनची खाडी. तिथे जिताडा आणि तांबोशी हे मासे डोळ्यांसमोर ठेवून मी लुअर करतो. खाली जे लिहितोय ते त्याच हिशेबाने. मरळीसाठी तळ्यावर वापरायचं असेल तर गळ हलके घ्या, बाकी सगळं तेच.

आधी वजनाचा हिशेब

लाकूड निवडायला झाडांची नावं पाठ करावी लागत नाहीत. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, एक दशांश ग्रॅम दाखवणारा चालतो. लाकडाचा १० सेंटिमीटर लांब आणि २ बाय २ चा चौकोनी तुकडा बरोबर कापा. त्याचं आकारमान झालं ४० घन सेंटिमीटर. वजन १२ ग्रॅम भरलं तर घनता ०.३, १८ भरलं तर ०.४५, २६ भरलं तर ०.६५. एकाच झाडाच्या बुंध्याचं आणि फांदीचं लाकूड वेगळं भरतं, म्हणून माझं ऐकून नव्हे, तुमचा तुकडा तोलून ठरवा.

आता ११ सेंटिमीटरचा, पोटाशी जरा फुगीर असा मिनो, म्हणजे लांबट माशाच्या आकाराचा लुअर, घ्या. त्याचं आकारमान साधारण २० घन सेंटिमीटर येतं. नक्की मोजायचं असेल तर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा आणि कच्चा कोरलेला मासा सुईच्या टोकाने पाण्याखाली दाबून धरा. तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर. लाकूड पाणी प्यायच्या आत पटकन आकडा वाचा आणि मासा पुसून वाळवा.

ह्या माशाला काय काय लागणार? दोन ट्रेबल (तीन टोकांचे) गळ ६ ग्रॅम, नाकापासून शेपटीपर्यंत आरपार तार आणि रिंगा अडीच, पुढची जीभ, म्हणजे ओढल्यावर माशाला खाली नेणारी पातळ पट्टी, १, रंग आणि एपॉक्सी (दोन भाग कालवून लावायची, वाळून कडक होणारी राळ) दीड. झाले ११ ग्रॅम. गोड्या पाण्यात २० ग्रॅमपर्यंत हा मासा तरंगेल. म्हणजे लाकूड आणि शिसं मिळून ९ ग्रॅमच्या आत बसलं पाहिजे. ०.३ चं लाकूड ६ ग्रॅम घेतं आणि पोटात शिशासाठी ३ ग्रॅमपर्यंत जागा ठेवतं; शिसं त्याहून जरा कमी घातलं की मासा तरंगतो, ओढला की खाली जातो, थांबलं की वर येतो. ०.४५ चं लाकूड एकटंच ९ ग्रॅम. मासा पाण्याच्या मध्यात लटकतो, शिशाला जागाच नाही. ०.६५ चं लाकूड १३ ग्रॅम, बुडणार. गळांनी आणि तारेने बाजूला सारलेलं पाणी मी ह्यात धरलेलं नाही, ते किरकोळ आहे.

शिसं हवंच, कारण पोटातल्या वजनाशिवाय मासा सरळ उभा राहत नाही आणि फेकताना हवेत गिरक्या घेतो. त्यामुळे तरंगणाऱ्या लुअरसाठी हलकं लाकूड आणि खाली शिसं, ही जोडी. जड लाकूड घेऊन शिसं टाळण्यात काही मिळत नाही. सगळं वजन अंगभर पसरतं आणि मासा डुलत नाही.

आणखी एक गंमत. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. आपल्या २० घन सेंटिमीटरच्या माशाला त्यात अर्धा ग्रॅम जास्त आधार मिळतो. मे महिन्यात खाडीत मध्यावर लटकणारा लुअर पावसाळ्यात, खाडी गोडी झाल्यावर, तळाला जातो. लोक म्हणतात पाणी शिरलं. शिरलेलं नसतं, पाणी बदललेलं असतं. लटकता लुअर करायचा तर कुठल्या पाण्यासाठी ते आधी ठरवा आणि बादलीत तेवढं मीठ टाकून तपासा: लिटरला ३५ ग्रॅम म्हणजे खुला समुद्र.

कुठलं लाकूड

माझं पहिलं लाकूड पांगारा. ०.३ च्या आसपास भरतो, कोकणात कुंपणाला आणि मिरीच्या वेलाला आधार म्हणून लावलेला असतो, छाटलेल्या फांद्या मागितल्या की मिळतात. सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी करणाऱ्यांनी हे लाकूड उगाच धरलं नव्हतं: हलकं, मऊ, पटाशीला त्रास न देणारं. दोष दोन. ओला पांगारा सालीसकट कोपऱ्यात टाकून ठेवलात तर काही आठवड्यांत काळा पडून कुजतो. तोडला त्याच दिवशी साल काढा, मधोमध उभा चिरा, दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट फासा म्हणजे टोकं तडकणार नाहीत, आणि सावलीत वाऱ्याला उभा करून ठेवा. दुसरं म्हणजे त्याचे तंतू लांब आणि सैल असतात. बोथट पटाशी लावली की लव उभी राहते आणि पॉलिशपेपरने ती बसत नाही, उलट वाढते. तिला बसवण्याचा उपाय पुढे पाणी अडवण्याच्या भागात आहे.

सावर, म्हणजे काटेसावर, पांगाऱ्याच्या जवळ जाते, थोडी जड. तिला निळसर बुरशी आणि भुंगा फार लवकर लागतो. तुकड्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुस्सा दिसला तर तो तुकडा घरात आणू नका, बाकीच्या लाकडालाही लागेल. महारुख मिळाला तर घ्यायला हरकत नाही, पण ताकद कमी.

शिवण हे माझ्या मनातलं लाकूड. आम्ही पॅटर्नला सागाच्या खालोखाल शिवणच वापरायचो, कारण एकदा वाळली की ती जागची हलत नाही. फुगणं, आकसणं, पीळ खाणं सगळंच कमी. पटाशीखाली लोण्यासारखी कापली जाते आणि कडा धारदार राहते. पण भरते ०.४५ च्या आसपास. म्हणून तिचे लटकते आणि हळू बुडणारे लुअर करावेत, किंवा मासा जरा जाड ठेवावा म्हणजे आकारमान वाढतं. पृष्ठभागावर पळणारा, बिनजिभेचा पेन्सिल करायचा तर शिवणीला तोड नाही: शेपटीकडे शिसं घाला, लांब जातो, आणि पाण्यावर आपटून आपटून फुटत नाही.

साग बहुतेकांना घरात सहज सापडतो, जुन्या खिडकीची चौकट वगैरे. जुना साग उत्तम वाळलेला असतो हे खरं. पण जड, आणि अंगात तेल. त्या तेलावर एपॉक्सी नीट धरत नाही. सागाचा बुडता लुअर करायचाच असेल तर कोरून झाल्यावर अॅसिटोनने पुसा आणि पुसल्या पुसल्या लगेच पहिला हात द्या. रात्रभर ठेवलात तर आतलं तेल परत वर येतं. नवीन साग पाहिजे म्हणून बांधावरचं झाड तोडायला जाऊ नका, स्वतःच्या रानातल्या सागालाही परवानगी लागते. वखारीत रंध्याखाली पडलेले तुकडे वजनावर मिळतात.

आंबा आणि फणस दोन्ही जड, ०.६ च्या पुढेमागे. आंब्याची रेषा फिरलेली असते, मशीनवर कातलेला पॉपर (पाण्यावर डुबूक आवाज करणारा लुअर) होतो, बारीक मिनो नाही. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन, ज्याला सुतार सरसकट देवदार म्हणतात, ते चालतं, पण राळेची गाठ टाळा: उन्हात ती राळ पाझरते आणि रंगाला फोड आणते. बाल्सा विमानांची मॉडेल करणाऱ्यांच्या दुकानातून मागवता येतो, ०.१६ च्या आसपास, म्हणजे पांगाऱ्याच्या निम्मा. छोट्या माशाला त्यासारखी हालचाल दुसऱ्या कशाने येत नाही. पण नखाने दाबला तरी खळगा पडतो आणि तांबोशीचे सुळे बाल्सात काय करतात ते बघवत नाही. एमडीएफ आणि साधा प्लायवुड विसरून जा.

ओल

लाकूड वाळलंय की नाही हे जुने मिस्त्री गालाला लावून बघतात. ताजा कापलेला पृष्ठभाग गालाला गार लागला तर आत ओल आहे. मी अजूनही तसंच बघतो, पण निर्णय काट्यावर घेतो. तुकड्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा, आठवड्याने पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड त्या हवेपुरतं वाळलं.

त्या हवेपुरतं, हे महत्त्वाचं. जुलैत कोकणात किंवा आमच्याकडे पन्हाळ्याच्या बाजूला लाकूड जिथे थांबतं, ती ओल मार्चमधल्या ओलीपेक्षा बरीच जास्त असते. पावसाळ्यात थांबलेल्या वजनावर विश्वास ठेवून सील केलंत तर ती ओल आत कोंडली. मग एप्रिलच्या उन्हात ती वाफ होऊन बाहेर यायला बघते आणि कोटिंग उचलते. म्हणून मी पावसाळ्यात कोरतो आणि सील दिवाळीनंतर करतो. घाई असेल तर थर्मोकोलच्या मासळीच्या खोक्यात ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, वर आणि खाली दोन-दोन भोकं पाडा, आणि कोरलेले मासे तारेला लटकवा. बल्ब थर्मोकोलपासून चांगला लांब हवा, आणि घरात कुणी नसताना चालू ठेवायचा नाही. आत ४० ते ४५ अंश पुरे. ओलं लाकूड ह्या खोक्यात घालू नका, ते तडकतं; हे फक्त आधीच वाळलेल्या, पावसाने जरा सर्दावलेल्या लाकडासाठी.

दोन फाळी

एकाच ठोकळ्यातून मासा कोरता येतो, पण मी दोन फाळ्यांचा करतो. पॅटर्नमध्येही आम्ही तेच करायचो. कारण सोपं आहे. लाकडाच्या एका बाजूला वाढीच्या रेषा दाट असतात, दुसऱ्या बाजूला विरळ. एक कूस अर्धा ग्रॅम जड होते आणि मासा कलतो. वाघोटनचा होडीवाला असला लुअर पाण्यात बघून लगेच सांगतो, "मिस्त्रीनू, तुमचो मासो वाकडो पवता." एकच फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडली आणि दोन्ही भाग समोरासमोर बसवले की दोन्ही कुशींचं वजन आपोआप जुळतं.

फाळ्या कोरण्यापुरत्या चिकटवायच्या, मग उघडायच्या, आत तार बसवायची, मग कायमच्या चिकटवायच्या. तात्पुरतं चिकटवायला पॅटर्नमेकरची जुनी युक्ती: दोन फाळ्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून दोन्ही बाजूंना सुताराचा पांढरा गोंद लावा आणि शिकंज्यात रात्रभर दाबा. कोरून झालं की सांध्यावर पातळ सुरी ठेवून हलकेच ठोका. कागद मधून फाटतो, लाकडाला ओरखडाही येत नाही. कागदाचे अवशेष ओल्या फडक्याने पुसून पॉलिशपेपर मारा आणि वाळू द्या.

मग प्रत्येक फाळीत तारेसाठी चर पाडा. तार स्टेनलेसची, ३१६ मिळाली तर ३१६, खाऱ्या पाण्यात ३०४ ला कालांतराने तांबूस डाग येतात. पांगारा आणि बाल्सा असेल तर आरपार तारच हवी. स्क्रूचे डोळे, म्हणजे गळ अडकवायच्या कडीचे स्क्रू, ह्या लाकडात धरत नाहीत, मोठा मासा लागला की डोळ्यासकट गळ घेऊन जातो. शिवण आणि सागात स्क्रू चालतो. जिभेची खाच मात्र कोरायच्या आधी, ठोकळा चौकोनी असतानाच करवतीने घ्या. नंतर गोलाव्यावर सरळ खाच घेणं कठीण. जीभ पॉलिकार्बोनेटची करा. छोट्या माशाला जुनी सीडी कापली तरी होते, ती पॉलिकार्बोनेटचीच असते. अॅक्रिलिक खडपावर आपटलं की तुटतं.

फाळ्या कायमच्या चिकटवताना एपॉक्सी वापरा आणि चरात ती तारेभोवती गच्च भरली पाहिजे. पिळून बाहेर यायला हवी. सांध्यातून एपॉक्सी बाहेर आली नाही तर समजा आत पोकळी राहिली, आणि तीच पुढे पाण्याची विहीर होणार.

पाणी नेमकं कुठून शिरतं

रंगवलेल्या सपाट कुशीतून पाणी शिरत नाही. शिरतं ते नाकापाशी जिथे तार बाहेर येते तिथून, जिभेच्या खाचेतून, शिशाच्या भोकावरच्या बुचातून, आणि शेपटीच्या टोकाला जिथे लाकडाचे तंतू आडवे कापले गेलेत तिथून. लाकडाचे तंतू म्हणजे उभ्या नळ्या आहेत. कुशीवर त्या आडव्या झोपलेल्या, तोंडं बंद. नाकाला आणि शेपटीला तोंडं उघडी. वरून चकचकीत चार हात देऊन ही तोंडं तशीच ठेवली तर काही उपयोग नाही.

म्हणून माझा क्रम उलटा असतो. आधी भोकं, मग टोकं, मग अंग.

स्क्रूचा डोळा लावायचा असेल तर बारीक भोक पाडा, त्यात पातळ एपॉक्सीचा थेंब सोडा, टाचणीने खाली ढकला, वाळू द्या, पुन्हा तेच भोक मोकळं करा आणि मग स्क्रू एपॉक्सीत बुडवून पिळा. जिभेच्या खाचेत ब्लेडने एपॉक्सी आत सारा. शिशाच्या भोकात शिसं बसवलं की वर एपॉक्सी आणि त्याच लाकडाचा बारीक चाळलेला भुस्सा मिसळून बूच भरा, जरा वर उचलून, वाळल्यावर कानशीने सपाट करा. सुताराची नेहमीची लांबी, म्हणजे पुटी, इथे नको, ती पाण्यात सुटते. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि ते स्वयंपाकाच्या भांड्यात वितळवू नका.

आता अंग. २२० च्या पॉलिशपेपरने गुळगुळीत करा, ओलसर फडकं फिरवा, लव उभी राहील, वाळू द्या, पुन्हा २२०. पांगाऱ्याची लव एवढ्याने बसत नाही. त्यावर पातळ फेव्हिक्विकसारख्या गोंदाचा एक हात द्या, तंतू कडक होतात आणि मग पेपरखाली साफ कापले जातात. हा हात उघड्या हवेत द्या, वाफ डोळ्यांना झोंबते. आणि तो सुती फडक्याने पुसू नका: सुतावर हा गोंद पडला की एवढा तापतो की धूर येतो, चामडी भाजते. पॉलिथिनची पिशवी बोटाला गुंडाळून पसरवा.

त्यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. मासा बल्बच्या खोक्यात ठेवून कोमट करा, हाताला उबदार लागेल इतका. एपॉक्सीची बाटली गरम पाण्यात ठेवा, ती पातळ होते. मग मासा खोक्यातून बाहेर काढा आणि बाहेर काढल्यावर एपॉक्सी लावा. मासा थंड होत जातो, आतली हवा आकसते आणि एपॉक्सीला आत ओढून घेते. ह्याच्या उलट केलंत, म्हणजे सकाळी गार माशाला एपॉक्सी लावून उन्हात ठेवलंत, तर आतली हवा फुगून बाहेर येते आणि प्रत्येक नळीच्या तोंडावर एक बुडबुडा फुटतो. तेवढी पाण्याला वाट झाली. म्हणून सीलिंग संध्याकाळी, पारा उतरत असताना.

एपॉक्सी पातळ करायला त्यात थिनर ओतणारे बरेच जण आहेत. चालत नाही असं नाही, पण थिनर उडून गेल्यावर मागे बारीक छिद्रं राहतात. उष्णतेने पातळ करणं केव्हाही बरं, फक्त हात जलद चालला पाहिजे, कारण गरम एपॉक्सी लवकर घट्ट होते. थोडीच कालवा, आणि कालवल्यावर पेल्यात न ठेवता ताटलीत पसरा. ढीग करून ठेवली की स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखी तापते. प्रमाण डब्यावर बघा. काही जोड्यांचं प्रमाण आकारमानाने सारखं असतं पण वजनाने नसतं. काट्यावर मोजणाऱ्यांनी वजनाचाच आकडा धरावा. पाच मिनिटांत सुकणारी एपॉक्सी चिकटवायला ठीक, सीलला नको. ती पाण्यात मऊ पडते आणि पिवळी होते. हातमोजे नायट्रिलचे, दरवेळी. एपॉक्सीची अॅलर्जी एकदा आली की जात नाही.

पहिला हात लाकूड पिऊन टाकतं. तो चिकट असतानाच, बोटाचा ठसा उमटेल पण एपॉक्सी बोटाला लागणार नाही अशा वेळी, दुसरा द्या. नाकाला आणि शेपटीला तिसरा. दमट हवेत वाळलेल्या एपॉक्सीवर कधीकधी मेणचट थर येतो. तो पाणी आणि भांड्याच्या घासणीने धुवा, मग ४०० चा पेपर ओला करून मारा. पेपर आधी मारलात तर तो थर आत रगडला जातो आणि रंग सोलतो.

बाकीची सीलर

चपडी, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, आमच्या धंद्यातली रोजची. पॅटर्नला पुरते कारण पॅटर्न वाळूत काही मिनिटंच असतो. दिवसभर पाण्यात राहणाऱ्या लुअरला एकटी पुरत नाही, पांढरी पडते. पण पाइनची राळ अडवायला एपॉक्सीखाली तिचा एक हात फार कामाचा, मेण काढलेली चपडी मिळाली तर.

सँडिंग सीलर फर्निचरवाल्यांचं. ते छिद्रं भरून पॉलिश गुळगुळीत करायला असतं, पाणी अडवायला नाही. हार्डनर मिसळायचं दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) मात्र चांगलं, लवचिक राहतं. वासाला तीव्र, मास्क हवा.

अळशीचं डबल बॉइल तेल टर्पेंटाइनमध्ये मिसळून त्यात मासे बुडवून ठेवायची पद्धत बाहेरच्या देशांत आहे. कोरड्या हवेत ठीक. आपल्याकडे ते वाळायला फार दिवस घेतं आणि अर्धवट वाळलेल्या तेलावर वरचा हात धरत नाही. शिवाय त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटतात, ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात ते बघून कुणाला मोह होईल. ते कातडीला फोड आणतं, होडीलाच राहू द्या. आणि मेण कधीच नको, मेणावर काहीही चिकटत नाही.

फिनलंडच्या लॉरी रापाला ह्यांनी १९३६ साली पहिला मासा बुचातून, म्हणजे कॉर्कमधून, कोरला, त्याला चॉकलेटचा चांदीचा कागद गुंडाळला, आणि वर सील म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून लावल्या. पुढे जगभर गेलेल्या त्या लुअरलाही कोटिंगचा प्रश्न सुटला नव्हता तोवर काही खरं नव्हतं.

वरचा हात आणि परीक्षा

रंग अॅक्रिलिकचा, पातळ थरांत, पूर्ण वाळवून. त्यावर सावकाश सुकणाऱ्या एपॉक्सीचे दोन पातळ हात. ह्या वेळी मासा फिरता हवा, नाहीतर एपॉक्सी पोटाशी ओघळून थेंब धरते. मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, ह्याला अगदी योग्य. ती सुट्या भागांच्या दुकानातून घ्या, आणि तिच्यावर व्होल्टेज लिहिलेलं वाचा, काही २३० वर चालतात आणि काही फार कमीवर. जुना मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका, आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेऊ शकतो. एक दिवस फिरवा, मग आठवडाभर लटकवून ठेवा. हाताला कडक लागली म्हणजे पूर्ण पिकली असं नाही.

परीक्षा दोन. पहिली: हात बुडवता येईल इतक्या गरम पाण्यात मासा दाबून धरा. आतली हवा फुगते आणि कुठे छिद्र असेल तिथून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते. बहुतेक वेळा नाकाच्या तारेपाशी. बुडबुडे दिसले की लगेच बाहेर काढा, कारण मासा गार होताना तिथूनच पाणी आत ओढेल. जागा खुणेने धरा, खोक्यात वाळवा, कोमट असताना एपॉक्सीचा थेंब द्या. दुसरी: गळ न लावता मासा तोला, मिठाच्या पाण्यात दगड बांधून रात्रभर बुडवा, सकाळी पुसून पुन्हा तोला. एक-दोन दशांश ग्रॅम वाढले तर कुठेतरी गळती आहे.

परीक्षेत उतरला की हे कोरडं वजन मी पोटावर बारीक पेनने लिहितो आणि आकड्यावर एपॉक्सीचा पातळ थेंब पसरतो, ते खाली कायमचं राहतं. खाडीवरून आल्यावर लुअर गोड्या पाण्यात धुवायचे, गळ काढायचे आणि तोलायचे. वजन वाढलेलं असेल तर सुळ्यांची खूण किंवा गळाने घासून पडलेली गोल चर कुठेतरी सापडतेच. तिथलं कोटिंग खरवडून लाकूड उघडं करा आणि बल्बच्या खोक्यात पोटावरचा आकडा परत येईपर्यंत ठेवा. खरवडलेलं कोटिंग अगदी थोडं असतं, आकड्यात त्याचा फरक धरू नका. गाडीच्या काचेमागे उन्हात मात्र टाकू नका: ओल बाहेर यायच्या आत तापते आणि शाबूत राहिलेलं कोटिंगही फोड धरतं. आकडा परत आला की कोमट असतानाच त्या जागेला दोन हात, वर रंगाचा ठिपका, वर एपॉक्सी. आकडा पंधरा दिवसांतही परत येत नसेल तर पाणी तारेच्या चरात गेलंय. तो मासा सांध्यावर चिरा, तार, शिसं, जीभ काढून घ्या आणि नवीन फाळ्या कापा.